जोडीची लघुचित्रे: ‘पोर्ट्रेट मिनिएचर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हान्स होल्बाइन (धाकटा) या जर्मन चित्रकाराने १५३५-३६ च्या सुमारास रंगवलेली दोन चित्रे आहेत. एक विल्यम रोपर याचे आणि दुसरे त्याची पत्नी मार्गारेट हिचे. मार्गारेट ही इंग्रज विद्वान व राजकारणी थॉमस मोर यांची थोरली कन्या. प्रत्येक चित्र गोल असून त्याचा व्यास जेमतेम साडेचार सेंटिमीटर, म्हणजे कोटाच्या मोठ्या गुंडीहून फारसा अधिक नाही. तेवढ्या जागेत चेहरा, वस्त्रांवरील केसाळ कातडे आणि सोनेरी अक्षरांत वयाचा उल्लेख (त्याचे ४२, तिचे ३०) असे सारे बसवलेले आहे. या जोडीवर मराठीत टिपण लिहिताना ‘लघुचित्रे’ हा शब्द वापरावा काय? शिवाय ‘नोबल कपल’ या इंग्रजी वर्णनासाठी ‘सरदार दांपत्य’ असे लिहिले तर चालेल काय?

प्रतिसाद

‘लघुचित्र’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु मराठी वाचकाच्या मनात तो आधीच दुसऱ्या वस्तूने व्यापलेला आहे. आपण ‘लघुचित्र’ म्हटले की त्याला मुघल दरबार, राजस्थानी बारमासा किंवा अहमदनगर-विजापूरची दख्खनी चित्रे आठवतात. ती कागदावरची असतात, पोथीत किंवा मुरक्क्यात (चित्रांच्या संग्रहवहीत) ठेवलेली असतात आणि त्यांतली पुष्कळशी वीतभर किंवा त्याहून मोठी असतात. रोपर पतिपत्नींच्या चित्रांचा प्रकार निराळा आहे. ही चित्रे सोन्याच्या कोंदणात किंवा झाकणाच्या डबीत बसवून गळ्यात घालण्यासाठी, कमरेला अडकवण्यासाठी अथवा दूरदेशी असलेल्या माणसाला पाठवण्यासाठी केली जात. म्हणून सूचीसाठी ‘लघुव्यक्तिचित्र’ हा शब्द घ्यावा. तो किंचित बोजड आहे, परंतु घोटाळा करीत नाही.

मुळात ‘मिनिएचर’चा लहानपणाशी संबंधच नव्हता. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शिशापासून केलेला लाल रंग, अर्थात आपला शेंदूर. हस्तलिखितांतील आद्याक्षरे या शेंदराने रंगवण्याच्या कामाला ‘मिनियारे’ म्हणत आणि त्यावरून इटालियनमध्ये ‘मिनियातुरा’ हा शब्द आला. पोथीतली चित्रे लहान असत, त्यातच लॅटिनमधील ‘मिनोर’, ‘मिनिमुस’ अशा शब्दांशी उच्चाराचे साम्य, त्यामुळे पुढे अर्थ घसरत ‘लहान’पर्यंत आला. आपण ‘लघुचित्र’ हा शब्द केला तो या घसरलेल्या अर्थावरून केला. ट्यूडर राजांच्या काळातील (सोळाव्या शतकातील) इंग्रज तर या कलेला ‘लिमनिंग’ म्हणत. पोथी सुवर्णरंगांनी उजळवणे या अर्थाच्या शब्दाचा तो आखूड झालेला अवतार आहे. होल्बाइन आणि त्याच्यानंतरचा निकोलस हिलियर्ड हे दोघेही ताणलेले तलम चर्मपत्र खेळण्याच्या पत्त्यावर चिकटवून त्यावर जलरंगांनी काम करीत, म्हणजे तंत्र अजून पोथीचेच होते.

प्रतिसाद

‘तसबीर’ का नको? हा शब्द घरोघरी रुळलेला आहे.

प्रतिसाद

कथा-कादंबरीत ‘तसबीर’ अवश्य लिहावे, परंतु मराठीत तसबिरीला चौकट, काच आणि भिंतीवरचा खिळा चिकटलेला आहे. कोणी ‘टाक’ असेही सुचवील, कारण देवघरातल्या पितरांच्या टाकांतही कधी जोडपे असते. परंतु टाक ठोकून घडवतात, त्याची पूजा होते आणि त्यातील चेहऱ्यात त्या विशिष्ट माणसाचे साम्य कोणी शोधत नाही, तर या चित्रांचा सारा जीव त्या साम्यातच आहे. होल्बाइनने १५३९ मध्ये क्लीव्ह्जच्या अ‍ॅनचे असेच चित्र केले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गुलाबाच्या आकाराच्या हस्तिदंती डबीत आहे. त्या वेळी तिच्याशी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या लग्नाची बोलणी चालू होती. १५४० च्या जानेवारीत लग्न झाले आणि जुलैत ते रद्दही झाले.

प्रतिसाद

‘सरदार’ हा शब्द येथे मुळीच बसत नाही. मराठीत सरदार म्हटले की पथक, सरंजाम आणि मोहीम आली. विल्यम रोपर हा कायदेपंडित आणि जमीनमालक होता, त्याला उमरावपद नव्हते. त्याच्यासाठी ‘प्रतिष्ठित’ किंवा ‘कुलीन’ पुरेसे आहे. ‘उमराव’ हा शब्द खऱ्याखुऱ्या पदवीधारकांसाठी राखून ठेवावा. आयझॅक ऑलिव्हरने १६१६ मध्ये डॉर्सेटचा तिसरा अर्ल रिचर्ड सॅकव्हिल याचे उभे लघुव्यक्तिचित्र केले, तेथे तो शोभतो. (अरबीत ‘उमरा’ हे ‘अमीर’चे अनेकवचन आहे, पण मराठीने त्याला केव्हाच एकवचनी करून टाकले, तेव्हा ‘एक उमराव’ लिहायला संकोच नसावा.)

‘दांपत्य’ आणि ‘दंपती’ यांत मी ‘दंपती’ घेईन, कारण ‘दांपत्य’चा मूळ अर्थ पतिपत्नीपण असा आहे, तथापि जोडपे या अर्थी तो इतका रुळला आहे की त्यावर वाद घालण्यात हशील नाही. वाद घालायचाच तर ‘दांपत्यचित्र’ या शब्दावर घालावा. तो ऐकून वाचकाला एकाच चित्रात दोघे बसले आहेत असे वाटते. येथे दोन स्वतंत्र चित्रे आहेत, एकमेकांसाठी केलेली; त्यांना ‘जोडचित्रे’ म्हणावे. अशा जोड्या वारसांत वाटल्या जातात, लिलावात फुटतात, आणि मग एकटा नवरा एका देशात व बायको दुसऱ्या देशात अशी गत होते, म्हणून ‘जोड’ हा शब्द नोंदीत असणे व्यवहारतःही उपयोगाचे आहे.

प्रतिसाद

मांडणीविषयी एक पुरवणी. युरोपात अशी जोडी लावताना पुरुष बहुधा पाहणाऱ्याच्या डावीकडे आणि स्त्री उजवीकडे ठेवतात. चित्रातल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ती त्याच्या डाव्या हाताला येते, म्हणजे आपल्याकडची ‘वामांगी’च. टिपणात ‘डावीकडे’ लिहिताना कोणाची डावी बाजू हे स्पष्ट करावे.

आणखी एक गोष्ट. चर्मपत्राची चित्रे आणि हस्तिदंतावरची चित्रे एकाच शब्दात कोंबू नयेत. १७०० च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कार्रिएरा हिने हस्तिदंताच्या पातळ पत्र्यावर रंगवण्यास आरंभ केला, कारण खालचा दुधी रंग त्वचेतून झळकतो. हा भेद आज कायद्यातही उतरला आहे: ब्रिटनच्या २०१८ च्या हस्तिदंत कायद्यात १९१८ पूर्वीच्या आणि ३२० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक पृष्ठभाग नसलेल्या व्यक्तिचित्रांना नोंदणी करून विक्रीची मुभा आहे. तेथे ‘लहान’ म्हणजे किती, हे निदान एकदाचे ठरले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. नोंद अशी करीत आहे: ‘विल्यम व मार्गारेट रोपर या कुलीन दंपतीची जोडचित्रे, लघुव्यक्तिचित्रे, हान्स होल्बाइन (धाकटा), सुमारे १५३५-३६, पत्त्यावर चिकटवलेल्या चर्मपत्रावर जलरंग.’

प्रतिसाद

‘खेळण्याच्या पत्त्यावर’ असे लिहावे. नुसत्या ‘पत्त्यावर’मुळे वाचकाला ही चित्रे टपालाने आली असे वाटेल.