१४२० कळवायचे की झाकायचे?

एडिसनची आई
लेक बारावीला आहे, अर्ज भरणे सुरू झाले आहे. सॅटमध्ये (अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत) १६०० पैकी १४२० मिळाले: गणितात ७४०, वाचन-लेखनात ६८०. तिला जीवशास्त्र घ्यायचे आहे. कॉलेजांच्या यादीत आमच्या न्यू जर्सीचे रटगर्स, मिशिगन, एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सॅन डिएगो. सॅन डिएगोपुरता प्रश्नच नाही, यूसीच्या कुठल्याही कॅम्पसमध्ये प्रवेश देताना सॅट बघत नाहीत. बाकी तिन्ही टेस्ट-ऑप्शनल, म्हणजे गुण कळवायचे की नाही ते आपण ठरवायचे.

शाळेच्या काउन्सेलरने सरळ नियम सांगितला. प्रत्येक कॉलेज मधल्या पन्नास टक्के मुलांच्या गुणांचा पट्टा जाहीर करते. त्या पट्ट्याच्या मध्याखाली असाल तर पाठवू नका. मिशिगनचा पट्टा साधारण १३५० ते १५३० आहे. म्हणजे या हिशेबाने १४२० झाकायचे. मला हे अजिबात पटलेले नाही.

तो पट्टा फक्त गुण पाठवणाऱ्यांचा असतो. ज्यांचे कमी होते त्यांनी पाठवलेच नाहीत, म्हणून तो वर सरकला. तो बघून पुढच्या वर्षी आणखी मुले झाकतात, की तो आणखी वर. करोनाच्या आधी बहुतेक ठिकाणी सगळ्यांनाच गुण द्यावे लागायचे, तेव्हा १४२० वर कोणी नाक मुरडत नव्हते. देशाची सरासरी आजही १०२५ च्या आसपास आहे.

डार्टमथ कॉलेजने फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. त्याआधी त्यांच्याच प्राध्यापकांनी अर्ज तपासले, तर १४०० च्या आसपास गुण असलेली कमी उत्पन्नाच्या घरची मुले गुण लपवत होती आणि पाठवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता, असे निघाले. माझे मत: तिन्ही ठिकाणी पाठवावेत.

कोथरूड ते बॉस्टन
ताई, डार्टमथचा दाखला तुमच्या बाजूने नाही, उलट आहे. त्या अभ्यासातली मुले कोण होती? घरात कॉलेजला जाणारे पहिलेच, शाळा अशी की जिथे १४०० म्हणजे कौतुकाचा विषय. अर्जासोबत काउन्सेलर शाळेची माहिती पाठवतो: किती एपी (हायस्कूलमध्येच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय शिकवतात, मुलांची सरासरी काय, किती जण चार वर्षांच्या कॉलेजला जातात. गुण त्या माहितीशेजारी ठेवूनच वाचले जातात. ज्या शाळेची सरासरी १००० आहे तिथून आलेला १४२० आणि जिथे निम्मा वर्ग १४०० च्या पुढे आहे तिथून आलेला १४२०, हे एकच आकडे नव्हेत.

आपली मुले बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या शाळांत आहेत. आईबाप दोघे शिकलेले, आठवीपासून शिकवणी. तिथे १४२० पाठवणे म्हणजे आपल्याच वर्गातल्या पोरांशी तुलना ओढवून घेणे. एनवाययूच्या पट्ट्याचे खालचे टोकच १४५० च्या वर आहे. तिथे पाठवून काय मिळवणार?

एडिसनची आई
शाळा कशी आहे हे त्यांना ठाऊक असते, हेच तर मी म्हणते. ज्या शाळेत झाडून सगळी मुले सॅट देतात, तिथल्या मुलीचा रकाना रिकामा दिसला तर वाचणारा काय समजेल? १४२० पेक्षा कमीच असणार, असेच ना?

कोथरूड ते बॉस्टन
न पाठवणाऱ्याला तोटा होणार नाही असे तिन्ही कॉलेजे लेखी सांगतात. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल तर त्यांच्याकडे अर्ज तरी का करायचा? रिकाम्या रकान्याबद्दल त्यांच्या मनात काय येते याची आपण कल्पनाच करू शकतो. दिलेला आकडा मात्र समोर दिसतो आणि पुसता येत नाही.

आणि मुळात या परीक्षेला एवढा मान का द्यायचा? अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले आहे की सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले १३०० च्या वर जाण्याची शक्यता गरीब घरांतल्या मुलांच्या १३ पट आहे. बोडन कॉलेज १९६९ पासून गुण मागत नाही, त्याचे काहीही बिघडलेले नाही. कोलंबिया विद्यापीठाने २०२३ मध्ये टेस्ट-ऑप्शनल धोरण कायमचे केले. आपण जेईई-सीईटीच्या वातावरणात वाढलो, म्हणून एका आकड्यावर आपला असा जीव जडतो.

सांता क्लारा
कॅलिफोर्नियातून लिहितो. परीक्षा काढली की काय होते ते आमच्याकडे दिसले आहे. २०२० मध्ये यूसीच्या प्राध्यापकांच्या समितीने सांगितले होते की सॅटवरून मुलाची पुढची प्रगती बऱ्यापैकी कळते, गरीब घरच्या मुलांचीसुद्धा. तरी रीजंट्सनी (यूसीच्या नियामक मंडळाने) ती काढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच सॅन डिएगोच्या प्राध्यापकांचा अहवाल आला: ज्यांचे गणित हायस्कूलच्या पातळीच्याही खाली आहे अशी नवी मुले पाच वर्षांत जवळपास तीस पट झाली, दर आठांमागे सुमारे एक. करोना आणि शाळांनी सढळ हाताने दिलेले ग्रेड ही कारणे त्यात आहेतच, पण परीक्षा नसणे हेही आहे.

श्रीमंतांच्या मुलांना सॅट सोपी जाते हे खरेच. पण निबंध लिहून देणारे सल्लागार, उन्हाळ्यातले महागडे रिसर्च प्रोग्रॅम, परदेशातली समाजसेवा, यातले गरिबाला काय परवडते? सॅटच्या तयारीला निदान खान अकॅडमी फुकट आहे.

कोथरूड ते बॉस्टन
धोरण म्हणून परीक्षा असावी की नाही, हा वेगळा वाद आहे. तो तुम्ही जिंकलात असे धरले तरी या मुलीने १४२० पाठवावे असे त्यातून निघत नाही.

नाशिक बारावी
काकू, मी एचएससी बोर्डाचा विद्यार्थी, यंदाच अर्ज करतो आहे. माझ्या ज्युनिअर कॉलेजचे नाव तिकडे कोणी ऐकलेले नाही. बोर्डाचा निकाल मे महिन्यात, आणि त्यांचे प्रवेशाचे निर्णय मार्चअखेर. म्हणजे त्यांच्या हातात सरांनी दिलेले अंदाजी मार्क. आमच्याकडे एपी नाही, वादविवाद मंडळ नाही, प्रयोगशाळेत अर्धी उपकरणे कपाटात बंद. सॅट हा एकच कागद असा आहे जो एडिसनच्या मुलीचा आणि माझा एकाच मापाने मोजलेला आहे. माझे १४६० आहेत. माझी अशी इच्छा आहे की ते सगळीकडे वाचले जावेत.

शंभर डॉलरच्या वर फी, केंद्र पुण्यात, आदल्या दिवशी मुक्काम. अमेरिकेतल्या गरीब मुलांना फी माफ होते, आम्हाला नाही. एवढा खर्च घरच्यांनी उचलल्यावर कोणी ‘ऐच्छिक आहे’ म्हणाले की वाईट वाटते.

कोथरूड ते बॉस्टन
तू नक्की पाठव, सगळीकडे. तुझ्या बाबतीत माझा काहीच विरोध नाही. तुझ्या शाळेबद्दल त्यांना काही माहिती नसणे हेच तुझ्या गुणांचे बळ आहे. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत आणली तेव्हा हेच कारण दिले होते: ज्यांच्या शाळेत वरचे विषय शिकवत नाहीत, त्या मुलांची तयारी गुणांवरून तरी कळते. ताईंच्या मुलीला मात्र वरचे विषय मिळाले आहेत.

गणित शिक्षिका
न्यू जर्सीत हायस्कूलला शिकवते. मला दोन्ही बाजू एका एकूण आकड्यात अडकलेल्या दिसतात. कॉलेजे बेरीज बघतात तसे भागही बघतात. जीवशास्त्राच्या मुलीला ७४० गणित उत्तम. ६८० वाचन-लेखन मात्र तिच्या बाकीच्या अर्जाशी जुळते का ते पाहा. इंग्रजीचे ग्रेड चांगले आहेत, निबंध चांगला आहे, तर ६८० पाहून कोणी चपापणार नाही. तिथेही जेमतेमच असेल तर हे गुण त्याची पुष्टी करतील.

एपी बायोलॉजी, एपी कॅल्क्युलस दिले आहे का? तिथे पाचपैकी ५ असतील तर सॅट न पाठवताही तयारी दिसते. येलने २०२४ मध्ये सक्ती परत आणताना सॅट किंवा तिच्यासारख्याच एसीटी परीक्षेऐवजी एपी किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) यांचे गुणही चालतील असे ठरवले, ते उगाच नव्हे.

दुसरे, प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट (कॉलेज स्वतः जाहीर करते ती प्रवेशाची आकडेवारी) काढा आणि सी-९ हा भाग वाचा. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी गुण पाठवले ते तिथे असते. बहुतेकांनी पाठवले असतील तर जाहीर पट्टा बराचसा खरा. निम्म्यांनीच पाठवले असतील तर ताई म्हणतात तसा तो फुगलेला. त्याच्याआधीच्या सी-७ मध्ये गुणांना किती महत्त्व देतात तेही लिहिलेले असते. सगळ्या कॉलेजांना एकच नियम लावायची गरजच नाही.

एडिसनची आई
एपी बायोलॉजीत ५ आहेत, कॅल्क्युलस यंदा चालू आहे. इंग्रजीत दोन्ही वर्षे ए. सी-९ आज रात्री बसून वाचले. एनवाययूला पाठवणार नाही. पट्टा कितीही फुगलेला धरला तरी १४२० तिथे खालीच राहतो. रटगर्सला पाठवणार, त्यात दुमत नसावे.

मिशिगनला मात्र पाठवणारच. आम्ही न्यू जर्सीचे, तिथे बाहेरच्या राज्यातली मुले शेकड्याने अर्ज करतात आणि सगळ्यांच्या प्रगतिपुस्तकात ए च ए. ए आता इतके स्वस्त झाले आहेत की त्यावरून मूल ओळखू येत नाही. तिने मिळवलेले ७४० गणित, बेरजेत थोडे खाली आहे म्हणून, कोणाच्या नजरेलाच पडू द्यायचे नाही? हे मला अन्यायाचे वाटते.

कोथरूड ते बॉस्टन
बाहेरच्या राज्याचाच मुद्दा घ्या. जाहीर पट्ट्यात मिशिगनची स्थानिक मुले धरलेली असतात. बाहेरून येणाऱ्यांची चुरस त्याहून जास्त, त्यांचे गुणही वरचे असणार, असे मला वाटते. म्हणजे तुमच्या मुलीसाठी १४२० हे जाहीर मध्यापेक्षा दिसते त्याहून खाली आहे. ७४० गणित कळावे ही तुमची इच्छा समजते, पण ते ६८० शिवाय पाठवता येत नाही. बायोलॉजीतले ५ पुढे करा, काउन्सेलरच्या पत्रात तिच्या गणिताबद्दल चार ओळी मागा, आणि मिशिगनला रकाना रिकामा ठेवा.

नाशिक बारावी
शिक्षिकाबाई, सी-९ मध्ये परदेशी मुलांचे गुण वेगळे दाखवतात का? मला फक्त एकत्रितच सापडले.

गणित शिक्षिका
नाही, एकत्रच असतात. बाहेरच्या राज्यांचेही तसेच, त्यामुळे मिशिगनबद्दल वर जे लिहिले आहे ते पटण्यासारखे असले तरी त्या तक्त्यावरून सिद्ध होत नाही. अर्जाच्या पानावर प्रवेश कार्यालयाचा ईमेल असतो, तुझा प्रश्न थेट तिथे विचार. पुष्कळदा उत्तर देतात.