मिक्सेल्स ही कार्टून मालिका इतक्या लवकर का थांबली?

सातारची_माहेरवाशीण (प्रश्न)

माझे दीर मागच्या वर्षी अमेरिकेहून कायमचे परत आले, तेव्हा पुतण्याचा लेगोचा एक भलामोठा डबा आमच्या आठ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला आला. त्यात नेहमीच्या विटांबरोबरच डोळे छापलेल्या गोल चकत्या, पांढरे दात आणि टोकाला गोळी असलेले पुष्कळ बारीक सांधे निघाले. हे सगळे ‘मिक्सेल्स’चे तुकडे असून त्यांची एक विनोदी कार्टून मालिकाही होती, असे पुतण्याने सांगितले. मुलीने तिचे मिळतील तेवढे भाग पाहिले आणि आता ती रोज पुढचे भाग मागते. ही मालिका केव्हा आली आणि का थांबली? या विस्कटलेल्या ढिगाऱ्यातून मूळ पात्रे पुन्हा जुळवता येतील का? शिवाय, खेळणे खपावे म्हणून काढलेली मालिका मुलीला दाखवत राहावी का, याविषयी माझे मन साशंक आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ठोकळ्यांचा_छंदी

ताई, तुमच्या हाती फार चांगली चीज लागली आहे. मिक्सेल्स हा डेन्मार्कची लेगो कंपनी आणि कार्टून नेटवर्क यांचा एकत्रित प्रकल्प होता. मालिकेची सुरुवात फेब्रुवारी 2014 मध्ये झाली, पाठोपाठ खेळणी दुकानांत आली आणि ऑक्टोबर 2016 मध्ये शेवटचा विशेष भाग दाखवला गेला. म्हणजे पुरती तीन वर्षेसुद्धा नाहीत.

ती का थांबली याचे उत्तर मला खेळण्यांच्या रचनेतच दिसते. दर वर्षी पात्रांचे तीन संच यायचे, प्रत्येक संचात तीन कुळे आणि प्रत्येक कुळात तीन पात्रे असायची. अशा नऊ संचांत मिळून 81 पात्रे झाली. पहिल्या संचातली कुळे निसर्गातून घेतलेली होती: आगीचे इन्फर्नाइट्स, खडकांचे क्रॅगस्टर्स आणि विजेचे इलेक्ट्रॉइड्स. शेवटच्या वर्षी मात्र पोलीस, अग्निशामक, वैद्यकीय पथक असे शहरी गट आले, आणि कल्पनेचा पहिला बहर ओसरत चालल्याचे मला तरी जाणवले. नववा संच बाजारात आला त्याच वर्षी मालिकाही संपली. खेळण्यावर उभी असलेली मालिका खेळण्यापेक्षा जास्त दिवस तग धरत नाही.

जुळवणीबद्दल निश्चिंत राहा. या पात्रांचे क्रमांक 41500 ते 41580 असे सलग आहेत आणि लेगोच्या संकेतस्थळावर त्या त्या क्रमांकाच्या जुळवणीच्या पुस्तिका विनामूल्य मिळतात. आधी तुकडे रंगांप्रमाणे वेगळे करा. लाल तुकडे भरपूर असतील तर 41500 या क्रमांकाच्या फ्लेनपासून सुरुवात करा. तो इन्फर्नाइट कुळातला आहे आणि त्याच्या डोक्यावर ज्वाळा आहेत.

आता त्या गोळीच्या सांध्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते तुकडे कृपा करून टाकून देऊ नका. लेगोकडे गोळीचे मोठे सांधे आधीपासून होते, पण हा लहान सांधा मिक्सेल्सबरोबर आला. गोळी खोबणीत दाबली की टक् असा आवाज होतो, आणि मग हात कोणत्याही कोनात वळवला तरी तो तिथेच राहतो, आपल्या भाराने खाली येत नाही. तळहातावर मावणाऱ्या पात्राला मान तिरकी करता आली, एक पाय उचलून उभे राहता आले, ते याच सांध्यामुळे. मालिका बंद पडली तरी हा सांधा लेगोच्या यंत्रमानवांत आणि प्राण्यांत आजही वापरला जातो, आणि छंदी मंडळी त्याला अजूनही ‘मिक्सेल जॉइंट’ म्हणतात.

चलत्_चित्र

मी ॲनिमेशनच्या क्षेत्रात काम करते, म्हणून या मालिकेच्या विनोदाविषयी लिहिते. सुरुवातीचे बहुतेक भाग जेमतेम दोन-तीन मिनिटांचे आहेत, आणि एवढ्या वेळात पात्राची ओळख, पेच आणि फजिती हे सगळे बसवणे फार अवघड असते. लेखकांनी त्यासाठी खेळण्याचा नियमच विनोदाचे यंत्र म्हणून वापरला. दोन मिक्सेल्सनी ‘क्युबिट’ नावाचा दुरंगी ठोकळा दोन्ही बाजूंनी धरला की ते एकरूप होतात आणि दोघांची शक्ती एकवटते. एका कुळातले तिघे एकत्र आले की ‘मॅक्स’ तयार होतो. आणि मिश्रण फसले तर ‘मर्प’ नावाचे धड ना हे ना ते असे बेढब ध्यान निपजते. तीन मुले भाताची खिचडी करायला बसली आणि एकीने चुकून मिठाऐवजी साखर घातली, तर जी गंमत होईल तीच ही. त्यांचे शत्रू निक्सेल्स रंगहीन असून ‘निक्स’ एवढाच शब्द बोलतात. सगळे जोडणाऱ्यांच्या विरुद्ध सगळे मोडणारे, हे न सांगताही लहान मुलाला कळते.

शब्दांचीही तशीच जोडणी आहे. नारळ आणि सफरचंद मिळून झालेले ‘कोकोनॅपल’ हे त्यांचे आवडते फळ. माझ्या भाचीने त्याला ‘नारफरचंद’ असे नाव दिले आणि मग आठवडाभर ती जेवणाच्या ताटातल्या पदार्थांची अशीच नावे जुळवत होती.

डोंबिवलीचे_आजोबा

जाहिरातीविषयीची आपली शंका रास्त आहे आणि ती जुनीही आहे. 1969 साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातल्या गाड्यांवर मालिका सुरू झाली, तेव्हा एका प्रतिस्पर्धी खेळणी कंपनीने ही अर्ध्या तासाची जाहिरातच आहे अशी तक्रार तिथल्या दूरसंचार आयोगाकडे केली. आयोगाने ती गांभीर्याने घेतली आणि मालिका 1971 मध्ये संपली. पुढे 1984 मध्ये निर्बंध सैल झाल्यावर खेळण्यांवरच्या मालिकांचे पेव फुटले. 1990 च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना तासाला शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी 12 मिनिटे अशी मर्यादा घातली. खेळण्यावर मालिका काढण्यास मनाई नाही. त्याच मालिकेच्या मध्ये त्याच खेळण्याची जाहिरात दाखवण्याला आक्षेप आहे.

आपल्या बाबतीत खेळणी घरात आलेली आहेत आणि नवी मिक्सेल्स दुकानात येत नाहीत, त्यामुळे हट्टाचा प्रश्न उरत नाही. मुलीला निर्धास्तपणे पाहू द्यावे.

सातारची_माहेरवाशीण

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघींनी सतरंजीवर तुकडे पसरून रंग वेगळे केले आणि फ्लेन जुळवला. एक डोळा सापडला नाही, म्हणून तिथे हिरव्या पात्राचा डोळा बसवला. तो मर्प झाला आहे आणि आता दुरुस्त करायचा नाही, असे तिने मला बजावले आहे. पुढच्या भागांचा आग्रह मात्र सुटलेला नाही; शनिवारी पुतण्या येणार आहे, तेव्हा पुढचा भाग आम्हीच रचणार आहोत, असे ठरले आहे.