मदत हवी आहे: संस्था गेली, वनहक्काचा दावा अर्धवट राहिला

नमस्कार मंडळी. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या बाजूला. सामूहिक वनहक्काच्या (म्हणजे अख्ख्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क) दाव्यासाठी एक स्वयंसेवी संस्था दोन वर्षं आमच्यासोबत होती. प्रोजेक्ट संपला, कार्यकर्ते दादा दुसऱ्या जिल्ह्यात गेले. मागे राहिली लाल दोऱ्यानं बांधलेली फाइल आणि हातानं काढलेला नकाशा. त्यात नाल्यापलीकडचा मोहाचा पट्टाच नाही! आमची आजी अजून पहाटे टोपली घेऊन तिथंच जाते.

संस्थेवर राग नाही. वनहक्क कायदा २००६चा, पण आम्हाला तो त्यांच्यामुळेच कळला. फक्त सगळी लिखापढी त्यांनीच करायची अशी सवय आम्हाला लागली, ती आता नडते आहे.

२०१२च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेत निम्मे लोक हवेत, त्यात एक-तृतीयांश बाया. तेंदूच्या हंगामात एवढे लोक जमवणं कठीणच, ते पावसाळ्यात बघू. माझी अडचण पुराव्यांची आहे. किमान दोन लागतात ना? म्हाताऱ्या माणसांचे जबाब आहेत, पण निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद) नाही. त्याची नक्कल तुम्ही कुठून काढली? आणि नकाशात पट्टा जोडायचा तर शेजारच्या गावाला आधी बोलवायचं की आपला ठराव आधी घ्यायचा?

मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये हक्क मिळाला. आपल्याच जिल्ह्यातलं गाव. दुसरी संस्था सुचवू नका, संस्थेशिवाय दावा लावलेल्या कुणा गावकऱ्यानं सांगितलं तर बरं होईल.