मदत हवी आहे: सर्व्हर बंद झाल्यामुळे निकामी ठरलेल्या गेमबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येईल का?

नमस्कार.

आम्ही डिचोलीला राहतो. 2018 साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा घरचा ट्रक विकावा लागला आणि माझा थोरला भाऊ जहाजावर नोकरीला लागला. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रावर असतो. 2022 च्या दिवाळीत सुटीवर असताना त्याने पणजीतील एका दुकानातून मोटारशर्यतीच्या एका गेमची डिस्क 3,499 रुपये रोख मोजून घेतली. तो घरी असला की आम्ही दोघे आळीपाळीने खेळायचो आणि तो परत गेला की त्याच्या गाड्या मी सांभाळायचो. गेल्या तीन वर्षांत आम्हां दोघांचे निवांत बोलणे बहुतेक त्या खेळाच्या निमित्तानेच झाले, हे इथे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात कंपनीचा ईमेल आला की 30 जूननंतर या गेमचे सर्व्हर बंद होतील. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, एप्रिलच्या अखेरीस, मी माझ्या कार्डावरून 1,999 रुपयांची गेममधली नाणी विकत घेतली होती. त्या वेळी विक्रीच्या पानावर गेम बंद होणार असल्याची एका ओळीचीही सूचना नव्हती. भाऊ चतुर्थीला घरी आला, त्याने सवयीने डिस्क कन्सोलमध्ये घातली, आणि पडद्यावर ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही, पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच मजकूर आला. त्याने खरोखरच तीन वेळा पुन्हा प्रयत्न केला. एकट्याने खेळायच्या शर्यतीसुद्धा सर्व्हरशिवाय सुरू होत नाहीत, त्यामुळे डिस्क शाबूत असूनही तिचा आता काहीही उपयोग नाही.

मी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिले. उत्तर असे आले की आम्ही गेम विकत घेतलाच नव्हता. आम्हाला तो वापरण्याची परवानगी मिळाली होती, ती केव्हाही मागे घेता येते, आणि अटी स्वीकारताना आम्ही हे मान्य केले होते. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘इंटरनेट जोडणी आवश्यक’ असे छापलेले आहे, हे मी मान्य करतो. मात्र इंटरनेट लागेल असे सांगणे आणि हा खेळ एक दिवस कायमचा बंद पडेल असे सांगणे यांत मोठे अंतर आहे. दुकानात पैसे देताना ‘परवानगी’ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता; बिलावरही वस्तूचे नाव, नग एक आणि किंमत एवढेच आहे.

असा प्रसंग एकट्या आमच्यावर आलेला नाही, हे मी नंतर वाचले. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या 2014 सालच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद झाले आणि त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. युरोपीय संघात तिच्या मागणीला जुलै 2025 पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. मागणी अगदी माफक आहे: सर्व्हर कायम चालवू नका, पण बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, कारण ‘द क्रू 2’ला त्याच कंपनीने 2025 मध्ये इंटरनेटविना खेळण्याची सोय करून दिली. काही कंपन्यांनी पैसेही परत केले आहेत. गूगलने 2023 च्या जानेवारीत ‘स्टेडिया’ ही इंटरनेटवरून गेम खेळण्याची सेवा बंद करताना खरेदीची रक्कम परत दिली आणि सोनीने 2024 मध्ये ‘कॉनकॉर्ड’ हा गेम दोन आठवड्यांत मागे घेतला तेव्हाही ग्राहकांना पूर्ण परतावा मिळाला.

मला विचारायचे आहे ते असे. भारतीय कायद्यात आमची डिस्क ही वस्तू धरली जाईल की सेवा? तक्रार दुकानदारावर करायची की कंपनीवर? दुकानदाराने आमच्याशी काहीही वावगे केलेले नाही आणि त्याला यात ओढण्याची माझी इच्छा नाही. खरेदीला दोन वर्षे उलटून गेली आहेत, मग मुदत संपली असे होईल का? शिवाय अटींमध्ये वाद परदेशातील लवादापुढेच चालेल असे कलम आहे. ज्यांनी ग्राहक आयोगात स्वतः तक्रार चालवली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्याबद्दल सहानुभूती आहे, पण अटी न वाचता ‘मान्य आहे’ हे बटण दाबल्यावर तक्रारीला जागा उरत नाही, असे मला वाटते. तसेच 2025 साली ऑनलाइन गेमविषयी केंद्राचा नवा कायदा आला आहे, तो एकदा पाहावा.

प्रतिसाद २

वरील दोन्ही मुद्द्यांशी मी सहमत नाही. 2025 चा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालतो. विकत घेतलेला शर्यतीचा गेम बंद पडणे हा त्याचा विषय नाही. इथे लागू होतो तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019. मी वकील नाही, परंतु पर्वरीच्या जिल्हा आयोगात एका सदोष यंत्राची तक्रार मी स्वतः चालवली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

बटण दाबले म्हणून सगळे संपत नाही. याच कायद्यात ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे आणि योग्य कारणाविना एका पक्षाला एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार देणारी अट त्यात येते. मात्र एक बारकावा लक्षात घ्यावा. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोग ऐकत नाही. ती पणजीच्या राज्य आयोगापुढे न्यावी लागते. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा हे मुद्दे मात्र जिल्हा आयोगात मांडता येतात, आणि आपण डिचोलीत राहत असल्यामुळे पर्वरीला जाता येईल, कारण नव्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. लवादाच्या कलमाने अडून बसू नका; असे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

वस्तू की सेवा, हा आपला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या 2004 च्या निकालात तयार सॉफ्टवेअर डिस्कवर विकले जाते तेव्हा तो ‘माल’ ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तो खटला विक्रीकराचा होता, त्यामुळे तो आयोगावर जसाच्या तसा बंधनकारक ठरेल असे मी म्हणणार नाही. पण ‘विक्री झालीच नाही’ या कंपनीच्या उत्तराला तो चांगला जबाब आहे. आपली अधिक भक्कम बाजू मला नाण्यांची वाटते. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणे हे कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत गणले आहे, आणि तीन आठवड्यांनी बंदची घोषणा करणाऱ्या कंपनीला एप्रिलमध्ये काहीच ठाऊक नव्हते, हे तिला आयोगाला पटवून द्यावे लागेल. नाणी एप्रिलच्या कोणत्या तारखेला घेतली त्याचा ईमेल जपून ठेवा.

मुदत दोन वर्षांचीच आहे, पण ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात. आपला गेम 30 जूनपर्यंत चालू होता, म्हणून कारण त्या दिवशी घडले अशी मांडणी करावी. दुकानदाराला सोडून कंपनीलाच प्रतिपक्ष करावे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रीतसर लिहा. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते, आणि भारतीय ग्राहकांना सातत्याने विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्याही त्या नियमांत येतात.

धागाकर्ता

आपण एवढ्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री दुकानाचे बिल शोधून काढले. ते उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावरचे असल्यामुळे अक्षरे जवळजवळ उडाली आहेत. दिव्याखाली तिरके धरले की तारीख आणि 3,499 हा आकडा तेवढा वाचता येतो. त्याची छायाचित्रे काढून ठेवली आहेत आणि दुकानदाराने त्याच्या संगणकातून प्रत काढून देण्याचे कबूल केले आहे. ज्यांच्याकडे अशी बिले असतील त्यांनी ती आजच झेरॉक्स करून ठेवावीत.

एक शंका राहते. डिस्कचे पैसे भावाने दिले आणि तो सध्या जहाजावर आहे. तक्रार माझ्या नावाने चालेल का?

प्रतिसाद २

चालावी. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही कायदा ग्राहकच मानतो. भावाकडून संमतीचा ईमेल मागवून अर्जासोबत जोडा. नाणी तर आपल्याच कार्डावरची आहेत. आणखी एक सुचवतो: सारखेच हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकत्रित तक्रार करता येते.

धागाकर्ता

मग माझी विनंती अशी आहे की हाच गेम ज्यांनी गोव्यात विकत घेतला होता, किंवा गेल्या वर्षी मार्च ते मे या काळात त्यातली नाणी घेतली होती, त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. गेमचे नाव मी निरोपातच सांगेन. तक्रार अधिकाऱ्याला द्यायच्या पत्राचा मसुदा येत्या रविवारपर्यंत तयार होईल. पैशांच्या आधी आम्ही त्यात इंटरनेटविना खेळण्याची सोय मागणार आहोत, कारण भावाला त्याच्या गाड्या परत हव्या आहेत.