«दोन चपला पडल्या का सरळ होते» म्हणणाऱ्यांसाठी

दारव्ह्याकडची आई:
काल इथं एकानं टाकलं, «आमच्या काळी दोन चपला पडल्या का पोट्टं सरळ व्हायचं, एडीएचडी-फेडीएचडी ही शहरातल्या बायांची थेरं.» (एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही तो आजार.) खाली अंगठ्यांची रांग. त्यात माझे दोन नातेवाईक.

चपला आम्हीही देऊन पाहिल्या. पोरगा आता तिसरीत आहे. मागल्या पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी हिंगूळ आणायला पाठवला. दीड तासानं आला. हिंगूळ नाही, पैसे नाहीत, एका पायात चप्पल नाही, मुठीत सरडा. कशाला पाठवलं होतं तेच आठवेना, म्हणून रडत होता. तरी मारला मी त्याला. तर म्हणतो, «मी विसरत नाही आई, ते पडून जातं.»

सासूबाईंच्या सांगण्यावरून सैलानीबाबाच्या दर्ग्यालाही जाऊन आलो. शेवटी अमरावतीचे डॉक्टर. ना रक्त तपासलं, ना फोटो काढला. तासभर नुसतं विचारलं. घरी असाच का, शाळेतही असाच का, कितव्या वर्षापासून, सहा महिने तरी झाले का. नुसता शाळेतच किंवा नुसता घरीच गोंधळ असेल तर त्याला एडीएचडी म्हणत नाहीत.

धुऱ्यावरचा:
ताई, राग नोका मानू. माहा भाचा पाच मिनिटं पुस्तक धरत नाही, पण मोटर वाइंडिंगच्या दुकानात तीन घंटे तार मोजत बसते. म्हणजे बसता येते ना त्याले? मंग आजार कायचा? मोबाईल हिसका, वावरात न्या, कापूस वेचाले लावा. सुदरते.

दारव्ह्याकडची आई:
भाऊ, हेच तर दुखणं आहे. लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिकडं वळवता येत नाही. आणि मोबाईलचं म्हणाल तर 1902 साली लंडनला जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरनं अशाच पोरांवर व्याख्यानं दिली होती. तेव्हा कोणाच्या हातात मोबाईल होता?

सरकी-ढेप:
म्हणून गोळ्या देऊन पोट्टं झोपवायचं?

दारव्ह्याकडची आई:
ती झोपेची गोळी नाही, उलट उत्तेजक आहे, मेथिलफेनिडेट. भूक मारते, म्हणून भाकर-बेसन पोटभर झाल्यावरच देते. तालुक्याच्या एकाही मेडिकलात नाही, त्यासाठी यष्टीनं अमरावती. सगळ्यांना देतही नाहीत. सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर आधी आईबापालाच शिकवतात कसं वागायचं ते. आणि शाळा? पावसात वर्गाबाहेर उभं केलं होतं त्याला.

झेडपीचा मास्तर:
आलंच शाळेवर. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं 60 पोरांपर्यंत शिक्षक दोन. वर्ग चार. दुसरे सर बीएलओ, मतदारयाद्या घेऊन गावभर. मी खिचडीचे तांदूळ मोजू, ऑनलाइन माहिती भरू, की खिडकीतून उडी मारणारं एक पोरगं धरू?

दारव्ह्याकडची आई:
त्याच कायद्याचं कलम 17 वाचा. मारायचं नाही, मानसिक छळ करायचा नाही.

झेडपीचा मास्तर:
तुम्ही कलम 27 वाचा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, एवढीच बाहेरची कामं लिहिली आहेत. आम्ही शौचालयंही मोजलीत.

सरकी-ढेप:
पगार मोजताना नाही दुखत हात?

झेडपीचा मास्तर:
पगारावर आलात! एक दिवस या माझ्या वर्गात. एकच. दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकलात तर त्या दिवसाचा पगार तुमचा.

अंगणवाडीतली:
मास्तर, पगाराचं तुम्ही तरी रडू नका. आम्हाला नुसतं मानधन, अन् घरोघरी फिरायला सगळ्यांच्या आधी आम्हीच.

झेडपीचा मास्तर:
तुमच्याविरुद्ध बोललो का मी? कुठलं कुठं नेता!

धुऱ्यावरचा:
अरे बापा, विषय काय होता?

झेडपीचा मास्तर:
बरं, एक मान्य. असं पोरगं पुढं बसवलं, फळा पुसायला, पाणी भरायला मधेमधे उठवलं, एका वेळी एकच काम सांगितलं, तर निभतं. मी केलंय. पण ते डॉक्टरी नाही, मास्तरकी आहे.

दारव्ह्याकडची आई:
मास्तर, डॉक्टरनं चिठ्ठीवर हेच लिहून दिलंय. पाचशे रुपये घेऊन.

धुऱ्यावरचा:
मले माह्या बापानं दिवसभर कडुलिंबाले बांधून ठेवलं होतं. काय झालं? पाच एकर करूनच रायलो ना.

धुऱ्यापलीकडचा:
सांगू का काय झालं ते? सातवीत शाळा सुटली. पीककर्जाचं पासबुक औंदा तिसऱ्यांदा हरवलं. परवा ओलिताची मोटर सुरू ठेवून लग्नाले गेला, पाणी माह्या हरभऱ्यात.

धुऱ्यावरचा:
तू गप रे. हरभऱ्याचं बोलणं झालं आपलं.

दारव्ह्याकडची आई:
दादा, चिडू नका. पण हे पुष्कळदा घराण्यातूनच येतं म्हणतात. भाचा कोणावर गेला असेल?

धुऱ्यावरचा:
डॉक्टर झाल्या का आता तुमी?

धुऱ्यावरचा:
तो अमरावतीचा कोणत्या वारी बसते? भाच्यासाठी विचारून रायलो.

दारव्ह्याकडची आई:
मंगळवार, शुक्रवार. सकाळी नऊच्या आत नंबर लावा. भाच्यालाही सोबत न्या.