पगारांच्या अक्षयचं वेतन आणि टाकीची सफाई

पगार वहिनी (ए-४०३): नमस्कार. देवरे भाऊ, जरा बघता का? अक्षय मुंबईची कर सहायकची नोकरी सोडून सिन्नरला तलाठी झाला हे सगळ्यांना माहीतच आहे. तिथे मूळ वेतन २८७०० होतं, इथे २५५०० लावलं. चार इन्क्रिमेंट कुठे गेल्या?

गायधनी (बी-१०४): पगारांकडेच पगाराचा घोळ 😂

पगार वहिनी: लग्न झाल्यापासून हाच विनोद ऐकतेय भाऊ. नवीन काढा.

देवरे काका (ए-१०१): वहिनी, दोन्ही पदं एस-८ या वेतनस्तरावर. पद बदललं, लेव्हल तीच. अर्ज थ्रू प्रॉपर चॅनेल, म्हणजे जुन्या ऑफिसच्या परवानगीने, केला होता का?

निकम (बी-२०२): फॉरवर्डेड: आठवा वेतन आयोग!! फिटमेंट फॅक्टर ठरला!! सर्व ग्रुपवर पाठवा!!

कुलकर्णी (सी-३०१): नवीन नियुक्ती म्हणजे लेव्हलचं किमान वेतन. नियमच आहे तो.

देवरे काका: कुलकर्णी साहेब, पहिल्यांदाच शासनात येणाऱ्याला. आधीपासून सेवेत असेल, परवानगीने अर्ज केला असेल आणि राजीनामा तांत्रिक, म्हणजे फक्त नव्या पदावर जाण्यासाठी दिलेला, असेल, तर मूळ वेतनाला संरक्षण मिळतं. म्हणून परत विचारतो, अर्ज थ्रू प्रॉपर चॅनेल होता का?

जाधव (ए-२०२): माझ्या फिक्सेशनच्या, म्हणजे वेतन ठरवण्याच्या, वेळीही असंच छातीठोक सांगितलं होतंत. वेतन पडताळणी पथकातून सेवापुस्तक आक्षेप लागून परत आलं. जादा दिलेल्या पगाराची वसुली कोणी भरली?

देवरे काका: जाधव, चूक तुमच्या कार्यालयाची. आणि गट क च्या कर्मचाऱ्याकडून वसुली नको, हे सुप्रीम कोर्टाने रफिक मसीह प्रकरणात २०१४ लाच सांगितलंय. तेव्हाही म्हटलं होतं, अर्ज द्या. तुम्ही दिला नाहीत.

कुलकर्णी: मग माझ्याकडून का घेतले?

देवरे काका: तुम्ही गट ब. शिवाय वचनपत्र दिलेलं, जादा आले तर परत करीन म्हणून. २०१६ चा जगदेव सिंग निकाल आडवा येतो.

कुलकर्णी: ते सगळ्यांकडूनच भरून घेतात हो. वाचतं कोण?

जाधव: साहेब लोकांनी तरी वाचायला हवं ना.

बोरस्ते, सचिव: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी वापरा. उद्या टाकी धुणार. सकाळी ९ ते १२ पाणी बंद.

आहेर मॅडम (सी-४०२): मागच्या वेळी १२ चे ४ झाले होते.

गायधनी: आम्ही अंबडच्या कंपनीवाले. एचआर सांगेल तो आकडा. इथे चार इन्क्रिमेंटवर रडारड.

पगार वहिनी: रडत नाहीये. महिन्याला ३२०० मूळ, त्यावर महागाई भत्ता, आणि पुढची प्रत्येक वाढ याच कमी आकड्यावर. हिशोब करून बघा.

निकम: फॉरवर्डेड: आठवा वेतन आयोग!! फिटमेंट फॅक्टर ठरला!!

देवरे काका: निकम, जुन्या मूळ वेतनाला गुणायचा २.५७ हा फॅक्टर सातव्या आयोगाचा. तो आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू, पण राज्याचे नियम निघाले ३० जानेवारी २०१९ ला. दम धरा. वहिनी, थ्रू प्रॉपर चॅनेल?

पगार वहिनी: अक्षयला विचारलं. ऑनलाइन फॉर्मवर ‘शासकीय सेवेत’ लिहिलं होतं. ऑफिसची ना हरकत परीक्षेनंतर मिळाली.

देवरे काका: उशिराच्या तारखेवरून खोड काढतील. राजीनामा मंजुरीच्या आदेशात काय लिहिलंय?

पगार वहिनी: ‘राजीनामा स्वीकारण्यात येत आहे.’ बस एवढंच.

देवरे काका: इथेच घोडं पेंड खातंय. नवीन पदावर रुजू होण्यासाठी राजीनामा, अशी दुरुस्ती जुन्या ऑफिसकडून करून घ्या. मग शेवटचं वेतन प्रमाणपत्र जोडून नव्या ऑफिसला लेखी अर्ज. तोंडी बोलू नका, पोच घ्या.

जाधव: पोच माझ्याकडेही आहे.

पगार वहिनी: रविवारी कागद घेऊन येऊ का भाऊ?

देवरे काका: या. झेरॉक्सच आणा.

गायधनी: काका, आमची मेव्हणी लिपिकाची वरिष्ठ लिपिक झाली. २६००० वर होती. किती बसेल?

कुलकर्णी: अरे वा, अंबडवाले!

देवरे काका: एस-६ मध्ये एक वाढ, २६८००. मग एस-८ मध्ये तेवढाच किंवा लगेच वरचा आकडा, २७१००. प्रमोशनच्या दिवसापासून की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, तो विकल्प महिन्याच्या आत द्यायचा असतो. दिला ना?

गायधनी: कसला विकल्प?

देवरे काका: फोन करा.