पाच जणांसाठी आरमारी खेळ सुचवा (त्यात एक आजी)

चिंचोके:
शनिवारी जेवणं आटपली की सगळ्यांचे फोन फ्रिजवर आणि तासभर काहीतरी खेळायचं, हा नियम आमच्याकडे चक्क दोन महिने टिकलाय. माणसं पाच: आम्ही दोघं, लेक १३ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा आणि सासूबाई. मे महिन्यात ओहोटीला चालत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात जाऊन आल्यापासून धाकट्याच्या डोक्यात गलबतं शिरलीत. खेळ आरमाराचाच हवा म्हणून हटून बसलाय.

बॅटलशिप (चौकटींत लपवलेली एकमेकांची जहाजं अंदाजाने मारून बुडवायची) आणला तर दोघं खेळणार आणि तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसणार. व्यापारचा आता वीट आलाय. पाचही जणांना काहीतरी काम हवं, तासाभरात संपायला हवा आणि नियम समजावताना सासूबाईंना डुलकी लागता कामा नये. त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, पण पत्त्यांत कुणाला ऐकत नाहीत. काय घेऊ?

सुकाणू:
आधी काहीच घेऊ नका. चौकटीची वही काढा.

प्लास्टिकचा बॅटलशिप १९६७ चा. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक तो कागद-पेन्सिलीवर खेळतायत. १० बाय १० चा तक्ता, जहाजं पाच, लांबी ५, ४, ३, ३ आणि २ घरं, म्हणजे एकूण १७ घरं बुडवायची. आम्ही जहाजांना आपली नावं दिलीत: गुराब ५, शिबाड ४, गलबत ३, तरांडं ३, मचवा २. (इतिहासवाल्यांनी मापं काढू नयेत, खेळ आहे.)

पाच जणांचे दोन तांडे करा, ३ आणि २. तांड्यातले लोक कुजबुजून ठरवतात, पण बार सांगणारा दर वेळी बदलायचा. ही अट पाळा, नाहीतर बाबा लोक पेन सोडत नाहीत. तोफांची संख्या जहाजांएवढी: आपली पाच तरंगतायत तर एका पाळीत पाच बार, एक बुडालं की चार. त्यामुळे खेळ झपाट्याने संपतो आणि आठ वर्षांच्या मुलालाही जहाज गेल्याची किंमत कळते. काही जण पाळीत किती बार लागले एवढंच सांगतात. तुम्ही धाकट्यासाठी प्रत्येक बाराचं वेगळं सांगा, ‘लागला’ की ‘पाण्यात’.

आडव्या ओळींना इंग्रजी अक्षरं कशाला? क ख ग घ च छ ज झ ट ठ, बरोब्बर दहा होतात. फक्त ‘ट’ आणि ‘ठ’ वरून आमच्याकडे भांडण झालंय, तेव्हा ‘टरबुजाचा ट’ असंच ओरडायचं. ‘जहाजाचा ज, ७!’ ऐकायला मजा येते.

लेकीला गुपचूप एक सांगा: सगळ्यात लहान जहाज दोन घरांचं आहे, म्हणून बुद्धिबळाच्या पटावरच्या फक्त काळ्या घरांवर मारत गेलं तरी प्रत्येक जहाजाला एकदा तरी लागतंच. १०० ऐवजी ५० घरं. धाकट्याला सांगू नका, त्याला ते आपोआप सापडू दे.

मध्यरात्रीचा_चहा:
कॅप्टन सोनार! दोन पाणबुड्या, मध्ये पडदा, दोन्हीकडे चार-चार जण. कप्तान ‘उत्तर, उत्तर, पूर्व’ असं ओरडत जातो, पलीकडचा रेडिओवाला पारदर्शक कागदावर तो माग काढतो आणि नकाशावर सरकवून पाणबुडी कुठे असेल ते ताडतो. चार फटके बसले की खलास. इतका आरडाओरडा दुसऱ्या कुठल्याच खेळात होत नाही.

सुकाणू:
खेळ भन्नाटच. पण त्याची खरी गंमत आठ जण असताना. पाचांत काहींना दोन-दोन कामं करावी लागतात, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी धावत असतात. पाळीपाळीने खेळायची सोय त्यात आहे, तरी इंजिनिअरचं (दर चालीला पाणबुडीतले बिघाड टिपायचं) काम आठ वर्षांच्या मुलाला किचकट जाईल. चुलतभावंडं जमतील तेव्हासाठी ठेवा.

उतारी:
सासूबाई पत्त्यांत पटाईत आहेत हे सगळ्यांनी वाचून सोडून दिलेलं दिसतंय. ‘द क्रू: मिशन डीप सी’ बघा. २ ते ५ जण, ४० पानं: चार रंगांची १ ते ९, आणि चार पाणबुड्या. पाणबुडी म्हणजे हुकूम. उतारीच्या रंगाचं पान टाकायचं, नसेल तर हुकमाने मारायचं, सगळं ओळखीचं. पाच जणांत आठ-आठ पानं, आठ हात.

फरक एवढाच की सगळे एका बाजूला. ‘हिरवी ५ मी जिंकेन’, ‘मी एकही हात करणार नाही’ असली कामं वाटून घ्यायची आणि ती सगळ्यांनी मिळून पार पाडायची, तीही न बोलता. एका डावात प्रत्येकाला एकदाच एक पान उघडं ठेवता येतं आणि सोंगटीने खूण करता येते, हे त्या रंगातलं माझं सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान की एकुलतं एक. मेंढीकोटात भुवया उडवून खाणाखुणा करणाऱ्यांचे इथे हाल होतात. मोहिमा ३२ आहेत, दर शनिवारी दोन-तीन. कामांच्या पानांवर थोडं इंग्रजी आहे, ते लेक वाचून दाखवेल. धाकट्याला पहिले काही दिवस जोडीला घ्या.

तोफा मात्र नाहीत हं, समुद्राच्या तळाशी शोधमोहीम आहे. आरमारवाला रुसेल.

चिंचोके:
सर्व्हाइव्ह, एस्केप फ्रॉम अटलांटिस कुणी खेळलंय का? शार्क बघून धाकटा हरखलाय.

उतारी:
खेळलोय. बेट बुडत जातं, आपली माणसं होडीत घालून काठाला न्यायची आणि शार्क दुसऱ्याच्या माणसांवर सोडायचा. आमच्याकडे भाऊबहीण दोन दिवस बोलत नव्हते. शिवाय आमच्याकडच्या जुन्या आवृत्तीत चौघंच खेळतात, पाचवा पुन्हा तोंडाकडे बघत.

चिंचोके:
अहवाल देते. क्रू मागवलाय, तो यायचाय. तोवर काल वही काढली. सासूबाई आणि धाकटा विरुद्ध आम्ही तिघं. सासूबाईंचं माहेर रेवदंड्याचं. गुराब, शिबाड ही नावं ऐकून ताठ बसल्या, डुलकीचा प्रश्नच आला नाही. बाहेर पाऊस आणि आत ‘छत्रीचा छ, ३’.

आम्ही त्यांची चार जहाजं बुडवली, मचवा काही सापडेना. काळी घरं झाली, पांढरी झाली, शंभरच्या शंभर घरं मारून झाली. वही ओढून बघितली तर मचवा काढलेलाच नव्हता. धाकटा हसून गडाबडा लोळतोय आणि सासूबाई अगदी शांत: “नारळी पौर्णिमेच्या आधी मचवा कुणी पाण्यात घालतं का?”